सिलथ, भरती सात वीस

मामाच्या खिशात जावयाने छापून दिलेली यादी होती.
लंडनचं चाक, राणीचा वाडा, तळ्यातली बोट,
प्रत्येकापुढे एक चौकोन, खूण करायला रिकामा.

मी नेलं सिलथला.
कारण रजा चारच दिवस, खोल्यांचे भाव जुलैचे,
आणि आमच्या वॉर्डातल्या पोर्टरची बहीण
तिथे दोन खोल्या भाड्याने देते.
हे खरं कारण. गाडीत मी त्याला म्हटलं,
"जरा वेगळी जागा आहे, फारशी कुणाला ठाऊक नाही."
"म्हणजे स्वस्त," गजूमामा म्हणाला.

सिलथमध्ये आहे काय?
एक लांबलचक हिरवळ. एका बाजूला कललेले पाइन,
वारा काय सांगतो ते कमी ऐकू येत असल्यासारखे.
धक्क्यावर पिठाची गिरणी.
रेल्वे होती म्हणे; ती बंद झाली
तेव्हापासून इथे येतात ते मुद्दाम येतात
किंवा माझ्यासारखे.
आणि समुद्र,
जो नव्हता.

कठड्यापुढे मैलभर नुसता ओला गाळ,
गाळापलीकडे चकाकणारी एक रेघ,
रेघेपलीकडे स्कॉटलंडचा एक निळा डोंगर.
मामाने कानटोपी खाली ओढली.
"एवढं विमानभाडं भरून आलो
आणि हा बाहेर गेलाय?"

मग बोटांची पेरं मोजली.
"आज अष्टमी ना गं?"
मला तिथी कुठली ठाऊक. मला ड्यूटीचा रोटा ठाऊक.
"आठाचे पाऊणपट सहा. त्यात
तुमच्या उन्हाळ्याचा एक तास मिळव. सात.
भांगाचं पाणी आहे, फार चढायचं नाही. पण येईल."

डोरीन टिनिसवुडच्या फ्रिजवर तक्ता होता.
सात वीस.
"वीस मिनिटं सूट," मामा म्हणाला.
"परका समुद्र आहे."

तिला मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं, पाऊणपटीसकट.
तिने चष्मा लावला, तक्त्यावरच्या आणखी तीन तारखा काढल्या
आणि त्याची परीक्षा घेतली.
तिन्ही जमल्या. एक जरा ओढूनताणून.
मग तिने विचारलं, हे गृहस्थ कुठले?
"बुधल," मामा म्हणाला.
"बूडाल?" डोरीन म्हणाली.
मामा इतका हसला की कवळी सावरावी लागली,
कारण तासापूर्वीच तिने हातवारे करून बजावलं होतं
गाळात लांब जाऊ नका,
आणि आता अगदी तेच मराठीत म्हणत होती.

तिने गॅसच्या बिलामागे ते नाव लिहिलं.
तिकडे उन्हाळ्यात काही पाहण्यासारखं?
मामा बराच वेळ विचार करत राहिला.
सत्तर वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.
"एक देऊळ आहे. जेटी आहे. मेमध्ये घाम फार.
आमच्याकडे दोन खोल्या रिकाम्याच आहेत, सांग तिला.
आणि आंबा."
आंब्याला त्याने विशेषण लावलं नाही.

सातला आम्ही पायऱ्यांवर बसलो, मांडीवर चिप्स,
त्यांवर व्हिनेगर, ज्याला मामा "नासलेलं" म्हणाला
आणि संपवून गेला.
पाणी आलं ते गाजावाजा न करता,
उशिरा कामावर आलेल्या माणसासारखं, कडेकडेने.
सात पायऱ्यांतल्या चार भिजल्या.
ऊन दहापर्यंत रेंगाळलं. आम्हीही.
यादीतला एकही चौकोन भरला नाही.

परवा नोव्हेंबरात त्याचा फोन आला.
मी प्रेस्टनला, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, काचेवर दव.
"तिथे सकाळचे साडेआठ ना? आज द्वादशी.
आता तास मिळवायचा नाही ना गं?"
"नाही मामा. घड्याळं मागे गेली."
"मग नऊ. वर तुझी वीस मिनिटं."
मी मोबाइलवर पाहिलं. नऊ सतरा.
"आज भांग नाही," तो म्हणाला.
"आज सहावी पायरी जाईल.
त्या बाईला कळव, सकाळी फिरायला जाते ती."